वणव्यासमोरचं कुंपण: त्र्यंबक रस्त्यावरच्या एका उताराचं प्रकरण

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघालं की अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि त्यांच्या आजूबाजूचे लहानमोठे डोंगर फेब्रुवारीपर्यंत पिवळे पडलेले असतात. मग त्यांच्यावर काळे पट्टे दिसू लागतात. हे वणव्याचे पट्टे. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी गावच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीने रोपवन केलं आहे. ऐन, हिरडा, बेहडा, उंबर, करंज आणि मधेमधे बांबू. रोपं कमरेपर्यंत आली की एखाद्या उन्हाळ्यात आग फिरते आणि पुन्हा बुंध्याच्या फुटव्यापासून सुरुवात करावी लागते.

समितीला रोपवन आणि खालची शेतं यांच्यामध्ये जिवंत कुंपण घालायचं होतं. गुरं अडली पाहिजेत आणि जमलं तर आगही अडली पाहिजे. कुंपणासाठी गावात पाच नावं घेतली जात होती: गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), करवंद, शेर (हिरव्या काड्यांचं, चीक असलेलं झुडूप), घायपात आणि निर्गुडी. सहावं नाव घाणेरीचं (लँटाना) होतं. ती लावायची गरजच नव्हती, बांधाला आधीपासून माजलेली होती. काहींचं म्हणणं असं की ती बारा महिने हिरवी दिसते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, मग तीच राहू द्या. प्रत्येकाच्या पसंतीला काही ना काही कारण होतं आणि वाद मिटत नव्हता. शेवटी समितीचे लोक आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, यातलं सगळ्यात कमी पेटणारं कोणतं, तेवढं तपासून सांगा.

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला एक पावसाळा आणि एक उन्हाळा लागला. ते उत्तर झाडाच्या नावात कमी आणि झाडाखालच्या जमिनीत जास्त सापडलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आग कुठून येते

झाडं तपासण्याआधी आग समजून घेणं भाग होतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पश्चिमेच्या तालुक्यांत भात आणि नागलीची रोपं टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवतात. यालाच राब भाजणं म्हणतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे शेतीचं काम आहे आणि लहान शेतकऱ्याकडे त्याला स्वस्त पर्याय फारसे नाहीत. पण राब भाजताना बांधावरच्या गवताला झळ लागली आणि दुपारचा वारा सुटला, की आग डोंगराला लागते. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून माळ पेटवतात, कुणाच्या बिडीचं थोटूक पडतं. कारणं अनेक, पण या उतारावर आगीची वाट बहुधा एकच: खालून वर.

चढणीवर ज्वाला वरच्या गवताकडे झुकते, ते गवत आधीच तापून तयार होतं आणि आग पळत सुटते. ऑस्ट्रेलियातले वणवा-अभ्यासक मॅकआर्थर यांचा एक ठोकताळा आहे: चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. आमचं कुंपण पायथ्याशी येणार होतं, म्हणजे आगीने वेग घ्यायच्या आधीच ती त्याला भिडणार. ही जागा समितीने गुरांचा विचार करून निवडली होती, पण आगीच्या दृष्टीनेही ती उत्तम होती.

काय मोजायचं

झाड किती सहज पेटतं, हे एका आकड्यात सांगता येत नाही. अँडरसन यांनी १९७० साली या गुणाचे तीन भाग केले: पेट घ्यायला किती वेळ लागतो, पेटल्यावर किती जोरात जळतं आणि किती वेळ जळत राहतं. पुढे १९९४ मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी चौथा भाग जोडला, तो म्हणजे एकूण वस्तुमानापैकी किती जळून जातं. हे चार गुण एकमेकांना धरून चालतातच असं नाही. वाळलं गवत झटकन पेटतं आणि झटकन संपतं. जाड ओंडका पेटायला कुरकुरतो, पण एकदा धरला की रात्रभर धुमसतो. कुंपणाला यातला कोणता गुण घातक, हे ठरवल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या गुणावर भर दिला. पेटायला लागणारा वेळ महत्त्वाचा, कारण गवताची आग कुंपणासमोर फार वेळ उभी राहत नाही. जळत राहण्याचा वेळ महत्त्वाचा, कारण कुंपणच धुमसत राहिलं तर पलीकडचं गवत पेटवायला ते आयतं निमित्त.

या कामासाठी जगभर वापरलं जाणारं उत्तम यंत्र म्हणजे कोन कॅलरीमीटर. बॅब्रॉस्कस यांनी ते १९८२ मध्ये अमेरिकेत मांडलं. बहुतेक सेंद्रिय पदार्थ जळताना दर किलो ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे धुरातला ऑक्सिजन किती घटला ते मोजलं की आगीचा जोर कळतो. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं आणि या प्रश्नाला त्याची फारशी गरजही नव्हती. फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राकाठच्या झुडपांसाठी वापरलेली साधी पद्धत आम्ही घेतली: ५०० वॅटची गोल तबकडी सुमारे ४२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, तिच्या ४ सेंटिमीटर वर एक छोटी ज्योत तेवत ठेवायची, तबकडीवर १ ग्रॅम ताजी पानं टाकायची आणि घड्याळ सुरू करायचं. ज्वाला कधी दिसली, किती वेळ टिकली, दिसलीच नाही का, एवढंच नोंदवायचं. आमची तबकडी कॉलेजच्या कार्यशाळेत जुळवलेली होती. तापमानासाठी थर्मोकपल लावला होता आणि सगळं काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या पेटीत, पण तिचा पंखा बंद ठेवून केलं, कारण वाऱ्याच्या झुळकीने वाफ इकडेतिकडे गेली की वेळेत फरक पडतो.

त्याच फांदीवरच्या दुसऱ्या पानांचं पाणी मोजायचं. ताजं वजन घ्यायचं, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं, पुन्हा वजन घ्यायचं. वणव्याच्या अभ्यासात ओलाव्याची टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात. म्हणून हिरव्या पानाचा आकडा १०० च्या वर जातो आणि विद्यार्थी दरवेळी दचकतात. १५० टक्के म्हणजे १ भाग कोरड्या पानामागे दीड भाग पाणी. निर्गुडी आणि घाणेरीच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागली. ही सुगंधी पानं १०५ अंशांना वाळवली की पाण्याबरोबर थोडं तेलही उडतं आणि ते पाण्याच्या खात्यात जमा होतं. म्हणून ती कमी तापमानाला, जास्त वेळ ठेवून वाळवली.

नमुने आणण्याची वेळही ठरलेली: दुपारी, दव पूर्ण उडाल्यावर. पिशवी जागेवरच बंद करून थंड डब्यात. वाळल्या गवताला तर हे जास्तच लागू. बारीक मेलेली काडी तासाभरात भोवतालच्या हवेशी जुळवून घेते. डोंगरावर दुपारी कडकडीत असलेलं गवत दमट खोलीत उघडं ठेवलं तर तपासणीपर्यंत ते मऊ पडलेलं असतं आणि निकाल खोटा आश्वासक येतो.

ऑक्टोबरचे निकाल

पहिली फेरी पावसाळा संपल्यावर. तुलनेसाठी वाळलं कुसळी गवत आणि सागाचं वाळलेलं पान ठेवलं. ही दोन्ही तबकडीवर पडताक्षणी पेटली. हिरव्यांमध्ये निर्गुडी सगळ्यांत आधी, मग घाणेरी, मग गिरिपुष्प. करवंद बराच मागे. घायपातीचे तुकडे आणि शेराच्या हिरव्या काड्या शेवटी, त्यातही काही तुकडे ज्वाला न दाखवताच काळे पडले.

करवंदाचं पान पेटताना जवळून पाहण्यासारखं असतं. तबकडीला टेकताच चर्र आवाज येतो, वरच्या चिवट सालीखाली वाफ अडकते, बारीक फोड येतात आणि ते चट्‌चट् फुटत जातात. पांढरी वाफ संपली की कडा तपकिरी होऊन आत वळतात आणि पिवळसर दाट धूर निघू लागतो. हा धूरच खरं इंधन. पान स्वतः पेटत नाही, तापल्यावर त्यातून सुटणारे वायू पेटतात. पानाच्या पेशींच्या भिंती ज्यांच्या बनलेल्या असतात त्यांपैकी हेमिसेल्युलोज साधारण २२० अंशांपासून मोडायला लागतं, सेल्युलोज ३१५ ते ४०० अंशांच्या दरम्यान. धूर वरच्या ज्योतीला भिडला की ज्वाला भप्पकन खाली उतरते आणि पान पकडते. तोवरचा सगळा वेळ पाण्याने खाल्लेला असतो.

तो किती, हे फळ्यावर मांडलं तर समितीच्या लोकांना लगेच पटलं. १५० टक्के ओलावा असलेल्या १ ग्रॅम पानात ०.६ ग्रॅम पाणी असतं. ते ३० अंशांपासून १०० पर्यंत तापवून त्याची वाफ करायला सुमारे १.५ किलोज्यूल उष्णता लागते. ८ टक्के ओलावा असलेल्या १ ग्रॅम गवतात पाणी जेमतेम ०.०७ ग्रॅम, त्याला ०.१९ किलोज्यूल पुरते. आठ पटींचा फरक. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. त्या ओल्या पानातल्या ०.४ ग्रॅम कोरड्या भागात जळण्याजोगी सुमारे ७ किलोज्यूल ऊर्जा शिल्लक असतेच. पाणी आगीला उशीर लावतं, ते आग विझवत नाही. बाहेरून उष्णता मिळत राहिली तर हिरवं पानही जळतंच.

निकाल पाहायला समितीतल्या सात-आठ जणांना प्रयोगशाळेत बोलावलं होतं. सगळे शेराच्या बाजूने झुकत होते. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका मावशी म्हणाल्या, “सर, पान वल्लं हाये तवर कोणचंबी झाड दम धरतं. झाडाखाली पडलंय ते जाळून बघा की.”

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच. मार्चची फेरी आधीच ठरलेली होती. मावशींमुळे तिच्यात प्रत्येक झाडाखालचा कचरा, मेलेल्या काड्या आणि वाळकी पानं यांची भर पडली.

मार्चमध्ये यादी उलटली

आग मार्च-एप्रिलमध्ये येते, तेव्हा झाडाची परीक्षाही तेव्हाच घ्यायला हवी. बाजारात, समाजमाध्यमांवर “आग रोखणारी झाडं” अशा याद्या फिरतात. त्यात महिना लिहिलेला नसतो आणि देशही बहुतेक दुसराच असतो. अशा याद्यांवर विसंबून रोपं खरेदी करणाऱ्यांना मी कळकळीने थांबवेन.

गिरिपुष्पापासून सुरुवात करू. हे झाड लावायला सोपं, छाटलेली फांदी रोवली तरी फुटतं, गुरं शिरत नाहीत. ऑक्टोबरात त्याचं पान रसरशीत होतं. मार्चमध्ये झाडावर पानच नव्हतं. गुलाबी फुलांनी फांद्या भरलेल्या आणि खाली पानांचा थर. तपासायचं काय? खालचा थर तपासला, तो गवताइतकाच तत्पर पेटला. त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: ही पानं लवकर कुजतात, त्यामुळे पावसाळ्यात थर साफ होतो आणि वर्षानुवर्षं साचत नाही. पण आगीच्या नेमक्या महिन्यांत तो तिथे असतोच. ऑक्टोबरच्या निकालावर मोहर उमटवली असती तर उन्हाळ्यात आडवं येणारं काहीच तिथे उभं नसतं.

घाणेरीचं चित्र वेगळं. हिरवी पानं मार्चमध्येही काही प्रमाणात होती आणि तबकडीवर ती फार वाईट वागली नाहीत. कागदावर घाणेरी सुटली असती. झुडपात हात घालून पाहिलं तर आत मेलेल्या बारीक काड्यांचं जाळं, त्यात अडकलेली वाळकी पानं, खालून आत घुसलेलं गवत. ही रचना गवताची आग उचलून वर झाडाच्या फांद्यांपर्यंत पोचवते. ऑस्ट्रेलियातल्या शुष्क वर्षावनांत घाणेरीमुळे जमिनीलगतच्या इंधनाचा थर बदलतो आणि आगीचा धोका वाढतो, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. भारतातही अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडलेलं गृहीतक याच दिशेचं आहे: आग लागली की घाणेरी माजते आणि घाणेरी माजली की आग वाढते. बांधावरची घाणेरी राहू द्यायची की नाही, हा वाद इथे संपला.

निर्गुडी दोन्ही फेऱ्यांत हिरव्यांमध्ये सगळ्यांत आधी पेटली. सुगंधी तेलं पाण्याबरोबरच वाफ होऊन हवेत मिसळतात, हे त्याचं एक कारण. कुंपण म्हणून ती चांगली, औषधी, पण या जागी नको.

घायपातीचं मांसल पान मार्चमध्येही पाणी धरून होतं. पण प्रत्येक रोपाला खालच्या बाजूला मेलेल्या पानांचा घेर असतो आणि त्यातले धागे तडतडत जळतात. फुलोरा येऊन गेलेलं रोप तर पूर्ण मरतं आणि त्याचा दांडा वाळून उभा राहतो. दरवर्षी कुणी हा घेर काढणार असेल तर घायपात चालेल. काटे पाहता ते काम कुणी आनंदाने करेल असं वाटत नाही.

शेर मार्चमध्येही हिरवाच होता. काड्या पेटवणं अवघड, पाचोळा जवळपास नाही, कारण पानं नावापुरती. एवढ्यावर त्याला पहिला क्रमांक द्यायचा मोह होतो. मात्र छाटून टाकलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या काड्या तपासल्या तेव्हा त्या काळा, काजळीचा धूर सोडत जोरात जळल्या. शेराच्या चिकात हायड्रोकार्बनसारखी संयुगं असतात. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांनी १९७०च्या दशकात शेराच्या कुळातल्या वनस्पतींपासून इंधन काढायचा विचार मांडला होता, तो याच गुणामुळे. दुसरी अडचण अधिक गंभीर: शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. तपासणीच्या वेळी गॉगल आणि हातमोजे घालूनच काड्या कापल्या. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पायवाटेवर शेराचं कुंपण नको, हे समितीतल्या बायकांनी ठामपणे सांगितलं आणि ते मान्य झालं.

राहिलं करवंद. ते बारमाही हिरवं. मार्चमध्ये त्याला नवी पालवी आणि फुलं आली होती, ओलावा ऑक्टोबरपेक्षा उतरला होता तरी पेटायचा वेळ बाकीच्या पानांच्या झुडपांपेक्षा जास्तच राहिला. पाचोळा थोडा. आतल्या जुन्या जाळीत मेलेली काडी मात्र होती.

ड्रममधली फांदी

एका पानाची परीक्षा म्हणजे झाडाची परीक्षा नव्हे, हे परदेशातल्या अभ्यासकांनाही जाणवलेलं आहे. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या हाउरेगिबेरी आणि सहकाऱ्यांनी साधं उपकरण मांडलं: उभा चिरलेला लोखंडी ड्रम, आत गॅसचे बर्नर, वर जाळी. त्यावर ७० सेंटिमीटरची अख्खी फांदी पानं-काड्यांसकट आडवी ठेवायची, दोन मिनिटं सुमारे १५० अंशांना तापू द्यायची आणि मग दहा सेकंद ज्योत लावायची. न्यूझीलंडमध्ये पुढे याच पद्धतीने ६० प्रजाती तपासल्या गेल्या. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आम्ही असाच ड्रम बनवून घेतला. कारागिराने बर्नरच्या नळीला दोन जागी झडप बसवली, त्यामुळे गॅस एकसारखा राहिला.

ड्रमवर फरक डोळ्यांना दिसला. घाणेरीच्या फांदीवर आधी मेलेल्या काड्या पेटल्या, त्यांच्या आचेने शेजारची हिरवी पानं सुकली आणि मग ती पेटली. तबकडीवर बऱ्यापैकी तग धरणारं पान इथे आपल्याच काड्यांमुळे हरलं. करवंदाची बाहेरची ताजी फांदी पेटवली तर ज्योत काढताच जवळपास विझली. त्याच झुडपाच्या आतली जुनी, मेलेल्या काड्यांची फांदी मात्र शेवटपर्यंत जळली. म्हणजे नाव एकच, झुडूप एकच आणि निकाल दोन.

इथे पाण्याच्या हिशेबाचा धागा जुळतो. गवताची ज्वाला एका जागी काही सेकंदच उभी राहते. पानातल्या पाण्याने विकत घेतलेला उशीर त्या सेकंदांपेक्षा जास्त असेल तर कुंपण वाचतं. पण कुंपणाच्या पायाशी पाचोळा, मेलेली काडी, छाटणीचा ढीग असेल तर ती आग मिनिटं टिकते आणि पाण्याने मिळवलेला उशीर तिथेच संपतो. म्हणून कमी पेटणाऱ्या झाडाची निवड ही कामाची निम्मी बाजू. उरलेली निम्मी दरवर्षी कोयता आणि दंताळं हातात घेऊन करायची आहे.

प्रयोगशाळेने काय सांगू नये

वणव्याचे अभ्यासक फर्नांडिस आणि क्रूझ यांनी २०१२ मध्ये अशा प्रयोगांवर स्पष्ट आक्षेप घेतला: प्रयोगशाळेतल्या लहान नमुन्यांवरून रानातल्या आगीचं वागणं ओळखता येत नाही. आक्षेप रास्त आहे. तबकडीवर वारा नसतो, चढ नसतो आणि शेजारी पेटलेलं अर्धा एकर गवत नसतं.

आगीचा जोर काढायचं बायरम यांचं १९५९ सालचं सूत्र साधं आहे: इंधनाची उष्णता, दर चौरस मीटरचं इंधन आणि आगीचा वेग यांचा गुणाकार. हेक्टरी २ टन वाळलं गवत म्हणजे चौरस मीटरला ०.२ किलो. किलोला १८,००० किलोज्यूल आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला तर आगीच्या दर मीटर लांबीला १,८०० किलोवॅट येतात आणि ज्वालेची लांबी २ मीटरच्या वर जाते. गवत दुप्पट असेल तर ती ३ मीटर ओलांडते. यापुढे छातीइतकं करवंद एकटं काय करणार? कुंपण आगीला थोपवतं ते त्याच्याकडे पोचणारी आग लहान असली तरच.

म्हणून आमच्या अहवालात करवंदाच्या आधी जाळरेषा आली. कुंपणाच्या खालच्या, शेताकडच्या बाजूला ६ मीटर रुंद पट्टा गवतमुक्त ठेवायचा. वनखातं जाळरेषा काढताना गवत कापून मग ते नियंत्रित पद्धतीने जाळतं. इथे जाळण्याऐवजी कापण्यावर भर दिला आणि त्यात गावाचा फायदाही निघाला. कुसळी गवत फुलोऱ्याआधी, सप्टेंबरच्या सुमारास कापलं तर गुरं आवडीने खातात. कुसळं पिकल्यावर तेच गवत जनावराच्या तोंडात टोचतं आणि कुणी विकत घेत नाही. आगीसाठी पट्टा रिकामा हवा आणि चाऱ्यासाठी गवत वेळेत कापायला हवं. दोन्ही कामं एकाच कापणीत होतात. दुसऱ्यांदा वाढलेलं गवत फेब्रुवारीच्या आधी पुन्हा काढायचं, एवढीच भर.

समितीने काय ठरवलं

कुंपण करवंदाचं, दोन ओळींत. बी ताजंच टाकावं लागतं, साठवलं की उगवण्याची ताकद झपाट्याने जाते, म्हणून मे-जूनमध्ये पिकलेल्या करवंदांतून बी काढून गावातच रोपं करायची. करवंद हळू वाढतं. दाट व्हायला तीन-चार वर्षं जातील. तोपर्यंत गुरांसाठी मधल्या ओळीत गिरिपुष्पाचे खुंट रोवले, पण जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची पडलेली पानं ओढून खताच्या खड्ड्यात टाकायची या अटीवर. ही तडजोड मला पसंत आहे. निव्वळ प्रयोगशाळेच्या निकालावर गिरिपुष्प बाद झालं असतं, पण पहिल्या तीन वर्षांत गुरं आत शिरली तर वणव्याला जाळायला रोपवनच उरणार नाही.

शेर फक्त वरच्या टोकाला, खडकाळ जागी, जिथे वाट नाही. त्याची छाटणी करायची तर काड्या उचलून दूर न्यायच्या. बांधावरची घाणेरी मुळासकट काढायची, नुसती तोडली तर पुन्हा फुटते. काढलेली झुडपं बांधावर रचून न ठेवता पावसाआधी तिथून हलवायची.

राबाबद्दल सर्वांत जास्त चर्चा झाली, आणि तशीच व्हायला हवी होती. राब बंद करा, असं सांगणं सोपं आहे आणि ते कुणी ऐकणार नाही. ठरलं ते असं: पायथ्याच्या शेतांत राब सकाळी लवकर, वारा पडलेला असताना भाजायचा, शेजारच्या घराला आदल्या दिवशी सांगायचं, बांधावर पाण्याचा ड्रम आणि ओल्या फांद्या तयार ठेवायच्या आणि राख थंड झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्याला आधी सांगायची पद्धत मात्र नव्याने बसवावी लागली. उपग्रहावरून मिळणाऱ्या आगीच्या सूचनाही समितीतल्या दोघा तरुणांनी मोबाइलवर सुरू करून घेतल्या. त्यातली चौकट ३७५ मीटरची असते, बांधावरची लहान आग तीत हरवू शकते, म्हणून दुपारी गावकऱ्यांनी पाळीपाळीने पहारा देणं चालूच ठेवायचं ठरलं.

प्रयोगशाळेकडे आता दरवर्षीचं काम आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कुंपणाच्या पायाशी ठरलेल्या जागी १ मीटर बाय १ मीटरच्या चौकटी टाकायच्या, आतला सगळा वाळका माल गोळा करून ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचं, आणि करवंदाच्या बाहेरच्या व आतल्या फांद्या ड्रमवर तपासायच्या. वजन आदल्या वर्षापेक्षा वाढलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात समितीला कळवायचं. आतली मेलेली काडी काढायला लांब दांड्याचे आकडे लागतील, ते बनवायला सातपूरच्या त्याच शेडमध्ये टाकले आहेत.